दर दोन तासांनी उठणारं बाळ : नेमकं अडतंय कुठे?

‘बाळ झोपत नाही’ असं कोणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कधी झोपत नाही? अंथरुणावर ठेवल्यावर तासभर झोपच लागत नाही, की लागते पण दर दोन तासांनी मोडते? दिवसाची झोप पाऊण तासात आटोपते, की पहाटे साडेचारला डोळे टक्क उघडे असतात? हे चार निरनिराळे बिघाड आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की प्रकरण चिघळतं. पहाटे लवकर उठतं म्हणून रात्री दोन तास उशिरा झोपवायचं, हे यातलं नेहमीचं उदाहरण. बाळ बहुतेक वेळा तरीही साडेचारलाच उठतं, फक्त आता अपुऱ्या झोपेमुळे दिवसभर किरकिरतं.

पाचवी शक्यताही असते, आणि ती फारसं कोणी सांगत नाही : काहीच बिघडलेलं नाही. तिथूनच सुरुवात करू.

बिघाड आहे का, हे आधी तपासा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांत पहिल्या तीन महिन्यांसाठी दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास आणि चार ते अकरा महिन्यांसाठी १२ ते १६ तास झोप सांगितली आहे. यात दिवसाच्या डुलक्याही आल्या. बारा आणि सोळा यांत चार तासांचं अंतर आहे, ते उगाच नाही. एक बाळ पंधरा तास झोपतं, दुसरं साडेबारा, आणि दोन्ही ठणठणीत असतात.

घोळ होतो तो असा. साडेबारा तासांची गरज असलेल्या बाळाला आपण रात्री अकरा तास आणि दिवसा साडेतीन तास झोपवायला बघतो. वरचे दोन तास कुठून तरी बाहेर पडणारच. मग बाळ रात्री दोनला उठतं, रडत नाही, हुंकार देतं, पाय उडवतं, चारपर्यंत मजेत जागं असतं आणि पुन्हा झोपतं. अशी मधली ‘पार्टी’ चालू असेल तर दूध, दात, गॅस यांच्या मागे लागण्याआधी तासांची बेरीज करा. दिवसाची झोप थोडी आटोपती घ्या, नाहीतर रात्र थोडी आखूड करा. आठवड्याभरात ती दोन तासांची जाग आक्रसत गेली तर निदान बरोबर होतं.

सलग झोपेच्या अपेक्षेचंही तसंच. कॅनडातल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१८ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आला. त्यात सहा महिन्यांची सुमारे ३८ टक्के बाळं रात्री सलग सहा तास झोपत नव्हती, आणि वर्षाची झाल्यावरही २८ टक्के झोपत नव्हती. या बाळांचा विकास सलग झोपणाऱ्यांपेक्षा मागे पडल्याचं दिसलं नाही, आणि आयांच्या मनःस्थितीतही फरक आढळला नाही. म्हणजे सात महिन्यांचं बाळ रात्रीतून एकदा-दोनदा उठून दूध पिऊन लगेच झोपत असेल आणि तुम्हाला ते झेपत असेल, तर दुरुस्त करण्यासारखं काही नाही. कोणी सल्ला दिला म्हणून चालू गाडी उघडून बसू नका.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळांबद्दल तर मी ‘समस्या’ हा शब्दच वापरत नाही. दिवस-रात्र ओळखणारं शरीराचं घड्याळ जन्मताना तयार नसतं. अंधार पडल्यावर मेलाटोनिन (झोपेची चाहूल देणारं संप्रेरक) स्रवण्याची लय साधारण दोन ते तीन महिन्यांच्या सुमारास बसायला लागते. तोवर दिवसा उजेडात आणि बोलण्या-चालण्याच्या आवाजात ठेवायचं, रात्री मंद दिवा लावून, गप्पा न मारता दूध पाजायचं, एवढंच हातात असतं. संध्याकाळचं न थांबणारं रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास शिखर गाठतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ओसरतं. तो झोपेचा बिघाड नाही. ते असह्य झालं तर बाळाला सुरक्षित जागी उताणं ठेवून पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. बाळाला रागाच्या भरात गदागदा हलवणं जिवावर बेततं. चार पावलं दूर गेल्याने काही होत नाही.

बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर हे सगळे महिने ठरलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजा.

चार दिवसांची नोंद

उपाय सुरू करण्याआधी चार दिवस काहीही बदलू नका, फक्त लिहा. किती वाजता झोप लागली, कशी लागली (पिता पिता, खांद्यावर, अंथरुणावर), कधी जाग आली, आणि परत कशाने झोपलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोक गाळतात. फोनवरची ॲप छान आलेख काढतात, पण ‘कशाने झोपलं’ हे बरीचशी विचारत नाहीत, म्हणून साधी वही बरी. मध्यरात्री मिनिटांचा हिशेब नको, अंदाज पुरे.

चार दिवसांनी नोंदीत काही ना काही दिसतंच. जाग दर दीड-दोन तासांनी येते का? की पहिली झोप चार तासांची छान आणि मग पहाटेपर्यंत चाळण? रोज त्याच वेळी, की कधीही? यावरून पुढचा रस्ता ठरतो.

दर दीड-दोन तासांनी जाग : झोप लागताना जे असतं, ते जाग येते तेव्हा असतं का?

हा सगळ्यात मोठा गट, म्हणून इथे थोडं थांबू.

बाळाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण ५० ते ६० मिनिटांचं असतं, मोठ्यांचं दीड तासाच्या आसपास. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप उथळ होते आणि क्षणभर जागही येते. हे सगळ्याच बाळांचं होतं, ‘रात्रभर झोपणाऱ्या’ बाळांचंसुद्धा. थॉमस अँडर्स या अमेरिकी बालमानसोपचारतज्ज्ञांनी रात्रभर चित्रीकरण करून हे दाखवून दिलं होतं. काही बाळं जागी होतात, इकडेतिकडे बघतात, हात चोखतात आणि पुन्हा झोपतात. घरात कोणाला पत्ताही लागत नाही. काही जागी होऊन हाक मारतात. आपल्या दृष्टीने पहिलं बाळ ‘शांत’ आणि दुसरं ‘त्रास देणारं’, पण दोघांच्या जाग येण्यात फारसा फरक नसतो. फरक असतो तो परत झोपता येण्यात.

हाक का मारतात? कल्पना करा, आगगाडीत खिडकीपाशी तुमचा डोळा लागला आणि जाग आली तेव्हा तुम्ही एका रिकाम्या फलाटावर आहात. तुम्ही कूस बदलून परत झोपाल का? छातीशी, पिता पिता, हलत्या हातांत झोपलेलं बाळ तासाभराने सपाट, स्थिर अंथरुणावर एकटं जागं होतं. ते ओरडतं यात नवल नाही. ते फक्त आधीची परिस्थिती परत मागतंय.

तपासणी सोपी आहे. रात्री जाग आली की प्रत्येक वेळी तोच एक उपाय (स्तनपान, बाटली, झुलवणं, तोंडात पॅसिफायर म्हणजे चोखणी देणं) दोन-चार मिनिटांत लागू पडत असेल, बाळ दोन घोट घेऊन ओठ सैल सोडत असेल, तर ती भूक नव्हे, सवय आहे. दहा-पंधरा मिनिटं गटागटा पीत असेल तर ती भूक.

त्याआधी एक फुकटचा उपाय करून बघा : थांबा. बाळाच्या झोपेतला बराच भाग सक्रिय झोपेचा असतो, नवजात बाळात तर जवळपास निम्मा. त्या झोपेत बाळ कण्हतं, तोंड वेडंवाकडं करतं, हात झाडतं, क्वचित डोळेही किलकिले करतं, आणि तरी झोपलेलंच असतं. (या झोपेची खूण असलेल्या डोळ्यांच्या जलद हालचालींचा शोध यूजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन या अमेरिकेतल्या संशोधकांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची सुरुवात झोपलेल्या बाळांच्या पापण्या बघण्यातूनच झाली होती.) पहिल्या ‘ऊं’ला उचललं की आपणच झोपलेल्या बाळाला उठवतो. एक-दोन मिनिटं नुसतं ऐका. आवाज चढत गेला तर जा, रेंगाळत राहिला तर राहू द्या. काही घरांत एवढ्यानेच रात्रीतून दोन वेळा उठणं कमी होतं.

तेवढ्याने भागलं नाही, आणि बाळ पाच-सहा महिन्यांचं आहे, वजन नीट वाढतंय, तर झोप लागण्याची रीत बदलायला घ्या. सुरुवात रात्रीच्या पहिल्या झोपेपासून करा, मध्यरात्री जाग येते तेव्हापासून नाही. दिवसभर जागून साठलेली झोपेची ओढ त्या वेळी सगळ्यात जास्त असते, त्यामुळे नवी गोष्ट शिकायला तीच वेळ सोपी. पहाटे तीनला काही नवीन शिकवायला जाऊ नका. तेव्हा बाळही शिकत नाही आणि शिकवणाराही शुद्धीत नसतो.

पहिलं पाऊल : दूध आणि झोप यांत फट पाडा. दूध शेवटी असेल तर ते आधी आणा, दिवा चालू असताना पाजा, मग लंगोट बदला, कपडे बदला, एखादं गाणं म्हणा आणि मग ठेवा. फट दहा मिनिटांची असली तरी चालते. दुसरं पाऊल : पूर्ण झोपेपर्यंत झुलवण्याऐवजी शांत होईपर्यंत झुलवा, अंथरुणावर ठेवा आणि छातीवर हात ठेवून बसा. रडलं तर उचला, शांत करा, परत ठेवा. दोन-तीन रात्री हे कंटाळवाणं आणि लांबलचक होतं. मग हात काढून नुसतं शेजारी बसा, मग थोडं लांब. ‘पेंगुळलेलं पण जागं असताना ठेवा’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. माझ्या मते चार महिन्यांच्या आत त्याचं अवास्तव स्तोम आहे. ठेवताच डोळे उघडून किंचाळणाऱ्या बाळाच्या आईला त्या सल्ल्याने फक्त अपराधी वाटतं.

आता रडू देण्याचा प्रश्न. ठरावीक अंतराने जाऊन धीर द्यायचा पण उचलायचं नाही, या पद्धतीवर दोन्ही बाजूंनी बेफाम बोललं जातं. ऑस्ट्रेलियात झालेल्या एका छोट्या चाचणीत (२०१६, ६ ते १६ महिन्यांची ४३ बाळं) वर्षभरानंतर भावनिक नात्यात किंवा वागण्यात काही बिघाड आढळला नाही. तिथल्याच, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात झोपेच्या उपायांनंतर पाच वर्षांनी ना तोटा दिसला ना टिकलेला फायदा. म्हणजे ‘मुलाच्या मनावर कायमचा घाव बसतो’ हेही सिद्ध नाही आणि ‘हे केलं नाही तर पुढे कधीच झोपणार नाही’ हेही खोटं. सहा महिन्यांच्या आत हा मार्ग नको. त्यानंतर, ऐकवत नसेल तर करू नका. वर सांगितलेला हळूहळूचा रस्ता लांब आहे, पण पोचवतो. एक मात्र टाळा : चाळीस मिनिटं रडू द्यायचं आणि मग हार मानून दूध द्यायचं. त्यातून बाळ एवढंच शिकतं की चाळीस मिनिटं रडलं की दूध मिळतं.

रात्री उठायला दोघं असतील तर पद्धत दोघांची एक हवी. आई छातीवर हात ठेवून बसते आणि बाबा खांद्यावर घेऊन खोलीभर फिरतात, असं झालं तर नव्या रिवाजाला मूळच धरत नाही. दूध न पाजणाऱ्या माणसाने पहिल्या काही रात्री झोपवलं तर पुष्कळदा लवकर जमतं, कारण त्याच्या अंगाला दुधाचा वास नसतो.

भुकेची जाग

पहिले सहा महिने रात्रीचं दूध हा आहाराचाच भाग आहे, त्यावर कात्री लावू नका. नवजात बाळ जन्माच्या वजनावर परत येईपर्यंत तर झोपलेलं असलं तरी तीन-चार तासांनी उठवून पाजावं लागतं.

सहा महिन्यांनंतर रात्रीची भूक वाढली असेल तर दिवसाकडे बघा. सात-आठ महिन्यांचं बाळ दिवसा दूध पिताना चारदा मान वळवतं. पंख्याचा आवाज, कोणी आत आलं, फोन वाजला. अर्धवट पितं आणि बाकी वसुली रात्री करतं. दिवसातली दोन-तीन दुधं शांत, अंधाऱ्या खोलीत पाजा, आणि मगच रात्रीचं कमी करायला घ्या : बाटली असेल तर दर दोन-तीन रात्रींनी ३० मिलीने कमी, अंगावर पीत असेल तर दोन-तीन मिनिटांनी कमी. किती दूध कमी करायचं हे वजनाचा तक्ता बघून डॉक्टरांशी ठरवा.

‘पोटभर काहीतरी घट्ट दे, मग रात्रभर झोपेल’ हा सल्ला पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत तीन महिन्यांपासून वरचं अन्न दिलेली बाळं आणि सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध घेणारी बाळं यांची तुलना केली होती (२०१८). फरक निघाला, पण केवढा? फरक सगळ्यात जास्त होता तेव्हासुद्धा रात्री सुमारे १७ मिनिटं. सतरा मिनिटांसाठी घाई करण्यात अर्थ नाही. बाटलीत पीठ कालवून देणं तर नकोच. त्याने झोप वाढत नाही आणि ठसका लागण्याचा धोका वाढतो.

झोपायलाच तासभर लागतो

इथे दोन विरुद्ध कारणं सारखीच दिसतात. बाळ फार थकलंय म्हणून चिडलंय, किंवा अजून पुरेसं थकलेलंच नाही. सहा महिन्यांनंतर दुसरं कारण लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त वेळा असतं, कारण आपण चौथ्या महिन्याचं वेळापत्रक आठव्या महिन्यातही चालवत असतो.

दोन झोपांमधला जागं राहण्याचा वेळ, ज्याला हल्ली सगळे ‘वेक विंडो’ म्हणतात, तो ढोबळमानाने असा असतो : नवजात बाळाचा तासभर, चौथ्या महिन्यात दीड-दोन तास, सहाव्यात दोन ते तीन, वर्षाच्या सुमारास तीन ते चार. हे अनुभवातून आलेले आकडे आहेत, मिनिटाला चिकटून बसायचे नाहीत. तुमच्या नोंदीत बाळ खरोखर किती वाजता झोपतं ते बघा. आठला ठेवता आणि नऊला झोपतं? मग चार-पाच दिवस पावणेनऊला ठेवा. पडताच झोपायला लागलं की दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं आधी आणा. सकाळी उठवायची वेळ मात्र हलवू नका, नाहीतर सगळं पुढे सरकत जातं. अंथरुणात तासभर रडण्याची जी सवय जडलेली असते, ती या मार्गाने फारसा गोंधळ न होता सुटते.

झोपेआधीचा क्रम ठरलेला असावा, हेही नुसतं सांगोवांगी नाही. २००९ मध्ये जोडी मिंडेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह ४०५ आया आणि त्यांची लहान मुलं घेऊन चाचणी केली. आंघोळ, अंगाला मालिश किंवा लोशन, मग एखादी शांत गोष्ट, आणि आंघोळीनंतर अर्ध्या तासात दिवे बंद, एवढ्या साध्या क्रमाने दोन आठवड्यांत झोप लागण्याचा वेळ आणि रात्रीची जाग दोन्ही कमी झाली. आंघोळच हवी असं नाही. रोज तेच, त्याच क्रमाने, वीस-तीस मिनिटांत, आणि शेवट झोपायच्या खोलीतच. तासभर चालणारा सोहळा नको. तो चौथ्या दिवशी बंद पडतो.

पाऊण तासाच्या डुलक्या

पाच-सहा महिन्यांच्या आत हे बहुतेक नैसर्गिकच. दिवसाची आवर्तनं जोडायला बाळ रात्रीनंतर शिकतं. उठल्यावर हसतमुख असेल तर झोप पुरली, विषय संपला. रडत, डोळे चोळत उठत असेल तर खोली अंधारी करा आणि फक्त सकाळच्या पहिल्या डुलकीवर काम करा. बाकीच्या डुलक्या कडेवर, बाबागाडीत, कशाही होऊ देत. गाडीतल्या आसनात झोपलं तर प्रवास संपल्यावर तिथेच ठेवू नका, सपाट जागी काढून ठेवा; मान पुढे पडून श्वासाची वाट दबते.

पहाटे साडेचार

हा सगळ्यात चिवट बिघाड. त्या वेळेपर्यंत झोपेची ओढ जवळपास संपलेली असते आणि शरीराचं तापमान चढायला लागलेलं असतं, त्यामुळे एरवी लक्षातही न येणारी गोष्ट पुरते : पडद्याच्या फटीतून आलेला उजेड, पाण्याची मोटार, पहाटेचा गारठा, ओला लंगोट.

आधी खोली तपासा. त्या वेळी स्वतः आत उभं राहून बघा. हात समोर धरल्यावर स्पष्ट दिसत असेल तर अंधार पुरेसा नाही. मग बाळाची पहिली डुलकी बघा. साडेचारला उठलेलं बाळ साडेसहाला परत झोपत असेल तर ती डुलकी नाही, रात्रीचाच तुटलेला तुकडा आहे, आणि ती मिळते म्हणून साडेचारची जाग टिकून राहते. ती रोज दहा-पंधरा मिनिटं पुढे ढकला. सहाच्या आत दिवा, खेळणी, गप्पा काही नको. दूध पिऊन परत झोपत असेल तर खुशाल पाजा. संध्याकाळची शेवटची डुलकी फार आधी संपत असेल किंवा बाळ थकून चूर होऊन झोपत असेल तर रात्रीची वेळ उलट अर्धा तास आधी आणून बघा. परिणाम दिसायला दोन आठवडे लागू शकतात, कारण इथे सवय नाही, घड्याळ सरकवायचं असतं. आणि सहा वाजता उठणं हा बिघाड नव्हे. बाळांची सकाळ सहालाच होते.

छान चाललं होतं, अचानक बिनसलं

चौथ्या महिन्याच्या आसपास झोपेची घडणच मोठ्यांसारखी व्हायला लागते. हा बदल कायमचा असतो, म्हणून ‘थोडे दिवस वाट बघू, जुनं परत येईल’ असं होत नाही. झोप लागण्याच्या रिवाजाकडे हलकेच लक्ष द्यायला तिथून सुरुवात करावी.

आठ ते दहा महिन्यांत दोन गोष्टी एकदम येतात. आई दिसेनाशी झाली तरी ती कुठेतरी आहे हे बाळाला कळतं, आणि म्हणून ती हवी असते. त्याच सुमारास रांगणं, धरून उभं राहणं सुरू होतं. रात्री दोनला कठडा धरून उभं आणि खाली बसता येत नाही म्हणून रडणं, हे दृश्य त्यातलंच. दिवसा उभ्याचं खाली बसण्याचा भरपूर सराव करून घ्या. चेहरा झाकून ‘भॉक’ करण्याचा खेळ, खोलीबाहेर जाऊन आवाज देत परत येण्याचा खेळ, हेही खरंच उपयोगी पडतात. रात्री थोडक्यात धीर द्या, पण नवीन सवय लावू नका. तीन आठवड्यांचा हा टप्पा त्या सवयीमुळे तीन महिन्यांचा होतो.

वर्षाच्या तोंडावर दुसरी डुलकी नाकारणं सुरू झालं तर लगेच एका डुलकीवर जाऊ नका. बहुतेक मुलं तेरा ते अठरा महिन्यांत तो बदल करतात.

दातांवर मात्र जगभर अन्याय होतो. दात येताना एक-दोन रात्री अस्वस्थ जातात हे खरं; सहा आठवडे दर तासाला जाग हे दातांचं काम नाही. आणि ३८ अंश सेल्सिअसच्या वरचा ताप तर दातांच्या नावावर कधीच खपवू नका. आजारपणात सगळे नियम बाजूला ठेवून जवळ घ्या, हवं तेव्हा पाजा. बरं झाल्यावर दोन-तीन दिवसांनी जुन्या क्रमावर या.

झोपेपायी ज्यावर तडजोड नाही

टेकीला आलेली माणसं काहीही करून बघतात, म्हणून हे लिहिणं भाग आहे. बाळ प्रत्येक झोपेला उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर. सोबत उशी, लोड, मऊ खेळणी, जाड पांघरूण काही नाही. अमेरिकेत उताणं झोपवण्याची मोहीम १९९४ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतल्या आकस्मिक बालमृत्यूंचं प्रमाण निम्म्यावर आलं. बाळ आपणहून दोन्ही बाजूंनी वळायला लागलं की ठेवताना उताणं ठेवा, नंतर ते वळलं तर परत परत सरळ करायला उठू नका. किमान सहा महिने खोली एक, पण झोपायची जागा वेगळी. कापडात गुंडाळत असाल तर वळायचा प्रयत्न दिसला त्या दिवशी ते बंद. वजन भरलेले स्वॅडल (गुंडाळायची तयार दुपटी) नकोत. उलट्या होतात म्हणून गादीचं डोकं उचलून ठेवण्याचा उपयोग होत नाही, बाळ घसरून मान दुमडण्याचा धोका तेवढा राहतो.

रात्री सोफ्यावर बसून पाजता पाजता डोळा लागणं सगळ्यात धोक्याचं. आपल्याला झोप लागू शकते असं वाटत असेल तर उशा-पांघरुणं दूर केलेला पलंग सोफ्यापेक्षा कमी वाईट; जाग आली की बाळाला त्याच्या जागी ठेवा.

व्हाइट नॉइजची (एकसुरी घरघर काढणारी) यंत्रं चालतील, पण हळू आवाजात आणि बाळापासून दोन मीटरवर. २०१४ मध्ये अशी १४ यंत्रं तपासली तेव्हा पूर्ण आवाजात, ३० सेंटीमीटरवर, त्यातल्या तीन यंत्रांचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला होता. सर्दीचं किंवा गुंगी आणणारं औषध झोपेसाठी देऊ नका. तसं एक औषध ६ ते १५ महिन्यांच्या बाळांवर तपासलं होतं (२००६). ते बिनऔषधाच्या पाण्यापेक्षा सरस ठरलं नाही, त्याचे धोके मात्र खरे आहेत.

वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर सकाळची वाट बघायची नाही. श्वास वीस सेकंद किंवा त्याहून जास्त थांबणं, ओठ निळे पडणं, बाळ उठवूनही नीट न उठणं, यांतही तेच. (पाच-दहा सेकंदांचा विराम लहान बाळांत सामान्य असतो.) रोजचं घोरणं, आडवं केलं की किंचाळणं, रात्रभर अंग खाजवणं, वजन न वाढणं, फिकटपणासोबत सतत तळमळ, यासाठी वेळ घेऊन दाखवा. कान दुखणं, इसब, लोहाची कमतरता यांतलं काही असेल तर झोपेचे कोणतेही उपाय लागू पडणार नाहीत.

बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप लागत नसेल, मन सतत धास्तावलेलं असेल, रडू थांबत नसेल, तर ती स्वतंत्र तक्रार आहे आणि तिच्यावर उपचार आहेत. त्यासाठी दहा प्रश्नांची एक छोटी चाचणी १९८७ पासून वापरात आहे. बाळाच्या तपासणीच्या वेळीच डॉक्टरांना ती विचारता येते.

चार-पाच गोष्टी एकदमच बिघडल्या असतील तर क्रम असा लावा : सकाळी उठवण्याची वेळ आणि खोलीचा अंधार पहिल्या दिवसापासून, कारण त्यात कोणी रडत नाही. मग रात्रीची पहिली झोप लागण्याची रीत. ती बसली की मध्यरात्रीचं बरंचसं उठणं आपोआप गळतं. जे उरेल ते भुकेमुळे आहे का ते तेव्हा बघा. डुलक्या सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच बदल, आणि तो निदान पाच-सात दिवस ठेवा. दोन रात्री आधीपेक्षा वाईट गेल्या म्हणून सोडू नका. घरात कोणी आजारी असेल, प्रवास असेल किंवा आईची रजा संपून कामावर जाण्याचा आठवडा असेल, तर सुरुवात पुढे ढकला.